शेवटची बोट: दाभोळची फेरी आणि गुहागरचा मे महिना

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग. बोलले तसंच ठेवलंय, फक्त मधले "ॲक्च्युअली" तेवढे उडवलेत.

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं होतं की मे महिन्यात पुण्या-मुंबईहून दोन-तीन दिवसांसाठी कुठे जाता येईल. तर आज मी गुहागरबद्दल बोलणार आहे. दाभोळहून फेरीबोटीने खाडी ओलांडून गुहागर. कसं जायचं, काय लक्षात ठेवायचं, हे सगळं शेवटी सांगते. पण त्याआधी मला एक गोष्ट सांगायचीय. ती सांगितल्याशिवाय या ट्रिपला काही अर्थ नाही.

गोष्ट सुरू होते गेल्या वर्षीच्या मेमध्ये.

माझ्या आजीचं, म्हणजे आईच्या आईचं, माहेर गुहागर. आजी ८२ वर्षांची आहे, पुण्यात आमच्याकडे असते. तिचा मोठा भाऊ, माझे मामाआजोबा, गुहागरच्या घरीच राहायचे. दोघं दर रविवारी सकाळी फोनवर बोलायची. बोलणं काय, तर "पाणी किती आहे विहिरीला" आणि "नारळ उतरवले का". आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "एकदा येऊन जा." आजी म्हणायची, "येते. ही घेऊन येणारे मला." ही म्हणजे मी. कारण गाडी मी चालवते आणि प्रॉमिसही मीच केलं होतं. एकदा नाही, चार उन्हाळे.

शेवटी गेल्या मेमध्ये एका शुक्रवारी पहाटे आम्ही निघालो. आजी पुढच्या सीटवर, मांडीवर पिशवी, पिशवीत दादासाठी श्रीखंडाच्या वड्या. ताम्हिणी उतरलो, माणगावला मिसळ खाल्ली, आणि माझा फोन वाजला. प्रॉडक्शन बंद पडलं होतं. पेमेंट अडकली होती, आणि तो भाग माझ्या टीमने दोन दिवसांपूर्वीच रिलीज केला होता. आयटीवाल्यांना सांगायला नको, अशा वेळी पोटात काय होतं ते. लॅपटॉप गाडीत होता, पण पुढे रेंजचा भरवसा नाही. मी पाच मिनिटं विचार केला आणि गाडी वळवली.

आजीला म्हटलं, "आजी, पुढच्या महिन्यात नक्की जाऊ."

ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "पुढच्या महिन्यात पाऊस असतो गं."

ताम्हिणीत रेंज नव्हती. पिरंगुटच्या अलीकडे सगळे मेसेज एकदम धडाधड आले. त्यातला शेवटचा माझ्या सहकाऱ्याचा होता: "जुन्या व्हर्जनवर नेलं, सगळं सुरू झालं. तू कुठपर्यंत पोचलीस? एन्जॉय!" म्हणजे मी घाट चढत होते तेव्हाच काम झालं होतं. माझी गरजच नव्हती.

तेव्हा मी परत गाडी वळवू शकले असते. वळवली नाही. दमले होते, चिडले होते, आणि खरं सांगायचं तर मला माझीच लाज वाटत होती. आम्ही घरी आलो. वड्या आम्हीच खाल्ल्या.

मग पाऊस आला. मग एक मोठा रिलीज, मग गणपती, मग दिवाळी. तुळशीच्या लग्नाच्या चार दिवस आधी गुहागरहून फोन आला. मामाआजोबा गेले. आजीला तेव्हा ताप होता, तिला तेव्हाही नेता आलं नाही.

यंदा एप्रिलमध्ये आजी स्वतःहून म्हणाली, "मे संपायच्या आत मला गुहागरला ने. आणि खाडीवरून ने." खाडीवरून का, ते तेव्हा मी विचारलं नाही.

आता जरा भूगोल. पुण्याहून गुहागरला जायचं तर मॅप तुम्हाला चिपळूणवरून नेतो, आणि ते बरोबरच आहे. पण आजीला दाभोळ हवं होतं. म्हणून आम्ही खेडजवळ भरणे नाक्याला हायवे सोडला, दापोलीला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दाभोळला उतरलो. दाभोळला रस्ता संपतो. समोर वाशिष्ठी नदीची खाडी, उजव्या हाताला उघडा समुद्र आणि पलीकडे धोपावे. फेरीने गेलात तर दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे. आणि फेरी नसेल तर? मी मॅपवर फेरीचा पर्याय बंद करून बघितला. परत दापोली, खेड, चिपळूण करत शंभरावर किलोमीटरचा वळसा! समोरच्या काठावरचं माडाचं झाड दिसतंय, आणि तिथे पोचायला अर्धा दिवस. आपल्या भाषेत सांगायचं तर एका ग्राफमधली एकच एज काढली आणि दोन गावं एकमेकांपासून तुटली.

मी म्हटलं, "काय गं आजी, अगदी टोकाला राहत होतात तुम्ही."

आजी म्हणाली, "टोकाला? अगं, हा आमचा मेन रस्ता होता."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं, कारण ते शब्दशः खरं आहे. दाभोळ हे एके काळी पश्चिम किनाऱ्यावरचं बडं बंदर. बहामनी काळात इथे अरबस्तानातून घोडे उतरायचे. पंधराव्या शतकात अफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी हिंदुस्थानात फिरला, तो परत निघाला तो याच बंदरातून. १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीजांनी हे शहर जाळलं, ते काही लहानसं खेडं म्हणून नाही. आदिलशाही काळातली दगडी मशीद अजून धक्क्याजवळ उभी आहे, फेरीची वाट बघताना जाऊन बघता येते. आणि एक गंमत. नव्वदच्या दशकात एन्रॉनमुळे ज्या "दाभोळ प्रकल्पा"चं नाव रोज पेपरात असायचं, तो दाभोळला नाहीच. तो खाडीपलीकडे, गुहागरच्या बाजूला आहे.

तर मुद्दा असा, की कोकणात शेकडो वर्षं पाणी हा रस्ता होता आणि डोंगर हा अडथळा. आपण हायवेवरून विचार करतो म्हणून आपल्याला ते उलटं दिसतं.

धक्क्यावर पोचलो तेव्हा नऊ वाजत आले होते. ओहोटी होती. सिमेंटचा उतार पार खालपर्यंत उघडा पडलेला, कडेला चिखल. मी फोनवर भरतीची वेळ शोधायला लागले, तर आजीने विचारलं, "आज तिथी काय?" कॅलेंडर बघून सांगितलं, चतुर्थी. ती म्हणाली, "चार पाऊणे तीन. तीन वाजता भरती भरणार. आत्ता पूर्ण ओहोटी." फोनवर वेळ उघडली, तर आजीचं उत्तर थोड्याफार मिनिटांच्या फरकाने बरोबर!

हे मला इतकं भारी वाटलं की मी तिथेच समजून घेतलं. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं, येतात तेवढ्या वाजता भरती पूर्ण होते. अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि तिथीसुद्धा चंद्रावरच चालते, म्हणून हे जमतं. इंटरनेट नको, बॅटरी नको.

फेरी आली. ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते, ही सपाट तळाची रुंद बोट असते. पुढचा लोखंडी दरवाजा खाली पडतो, तो थेट उतारावर टेकतो, आणि गाड्या, बाइक, रिक्षा, माणसं, माशांच्या टोपल्या सगळं त्याच्यावरून आत जातं. दाभोळ-धोपावे अशी गाड्या नेणारी ही सेवा २००३ साली सुरू झाली. लोक तिला प्रेमाने जंगलजेटी म्हणतात. मी गाडी आत घातली, आजीला उतरवलं. वर बसायला जागा होती, पण तिला जिना नको होता. ती कठड्याला धरून उभी राहिली, मी तिच्या मागे.

आणि मग तिने बोलायला सुरुवात केली.

१९६२ साली तिचं लग्न झालं, गिरगावात दिलं. लग्नानंतर गुहागरहून बैलगाडीने धोपाव्याला आली, होडीने ही खाडी ओलांडली आणि दाभोळहून मुंबईची आगबोट पकडली. तेव्हा मुंबईहून निघालेल्या बोटी हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी बंदरं घेत खाली गोव्यापर्यंत जायच्या. बऱ्याच बंदरांत बोट आत यायची नाही. ती लांब उभी राहायची आणि पडावातून लोक चढायचे-उतरायचे. सामान, पोरं, कोंबड्या, सगळं. कुणाला बोट लागायची, कुणी रात्रभर भजनं म्हणायचं. सकाळी भाऊचा धक्का. नंतर रस्ते झाले, एसटी वाढली आणि बोटी एकेक करून बंद झाल्या.

तिला खाडीपर्यंत पोचवायला दादा आला होता. तो होडीतून दाभोळपर्यंत आला, बोट सुटेपर्यंत थांबला. निघताना "नीट राहा" वगैरे काही म्हणाला नाही. म्हणाला, "मे महिन्यातली शेवटची बोट चुकवू नको."

याचा अर्थ मला लगेच कळला नाही. आजीने समजावलं. पावसाळ्यात समुद्र खवळतो, त्यामुळे आगबोटी मे अखेरीला बंद व्हायच्या, त्या पाऊस सरल्यावरच सुरू व्हायच्या. शेवटची बोट चुकली तर मग पुढचे तीन-चार महिने विसरा. म्हणून प्रत्येक मेमध्ये दादाचं पत्र यायचं. बाकी मजकूर बदलायचा, पण शेवटी हेच, शेवटची बोट चुकवू नको.

ही नुसती शिस्त नव्हती. १७ जुलै १९४७ ला, स्वातंत्र्याच्या महिनाभर आधी, "रामदास" नावाची बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि वाटेत बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. भर पावसाळ्यात, अमावास्येच्या दिवशी. आजी तेव्हा जेमतेम चार वर्षांची, पण किनाऱ्यावरच्या घराघरांत ती बोट पुढे कित्येक वर्षं बोलली जात होती. समुद्राची वेळ पाळायची असते, हे त्या पिढीला कुणी वेगळं शिकवावं लागलं नाही.

मी कठड्याला धरून उभी होते आणि मला माणगाव आठवत होतं. मिसळीचं हॉटेल, फोन, आणि आजीचं ते वाक्य. पुढच्या महिन्यात पाऊस असतो गं. मला वाटलं होतं ती हवामानाबद्दल बोलतेय.

धोपाव्याहून गुहागर अर्ध्या तासाच्या आसपास. गुहागर तुम्हाला आवडेल. लांबच लांब किनारा, काठाने सुरूची झाडं, व्याडेश्वराचं देऊळ आणि देवळामागे चालत गेलं की समुद्र. एका बाजूला खालचा पाट, दुसऱ्या बाजूला वरचा पाट, आणि सगळीकडे नारळ-सुपारीच्या वाड्या. उकाडा मात्र भयंकर. दुपारी एक ते चार बाहेर पडू नका. पहाटे सहाला किनाऱ्यावर जा, तेव्हा तुम्ही आणि खेकडे एवढेच असता.

मामीआजी दारातच उभ्या होत्या. दोघी जणी एकमेकींना धरून काही वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मी डिकीतून बॅगा काढायचं नाटक करत राहिले.

अंगणात आमसुलं वाळत होती, फणसपोळी वाळत होती, पडवीत लाकडं रचून ठेवलेली. पाऊस यायच्या आत सगळं आवरायचं, ही पावसाळ्याची बेगमी. समुद्राकडेही तीच गडबड. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, त्यामुळे होड्या वर ओढून झापांनी झाकायचं काम चाललेलं. अख्खं गाव एका डेडलाइनवर काम करत होतं, आणि ती डेडलाइन पुढे ढकलायला कुणी मॅनेजर नव्हता.

संध्याकाळी ओटीवर बसलो होतो. मामीआजींनी मला शहाळं दिलं आणि सहज बोलता बोलता म्हणाल्या, "गेल्या वर्षी तुम्ही यायचा होतात ना, तेव्हा यांनी गड्याला सांगून सहा शहाळी काढून घेतली होती. संध्याकाळपर्यंत इथेच बसले होते. मग तुझा फोन आल्याचं सांगितलं मी. म्हणाले, असू दे, काम असतं पोरांना. दुसऱ्या दिवशी शेजारी वाटून टाकली."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मला शहाळं संपवता आलं नाही.

आजी काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने मला विचारलं, "तुझं ते काम, तेव्हाचं, झालं होतं का गं नीट?" मी म्हटलं, "हो. माझ्याशिवायच झालं होतं." तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. बास. त्यावर आमच्यात पुन्हा बोलणं झालेलं नाही, आणि आता तुमच्याशी बोलतेय.

मला इथे "नोकऱ्या सोडा आणि कोकणात जा" असं अजिबात म्हणायचं नाहीये. माझं घर माझ्या पगारावर चालतं, आणि उद्या परत प्रॉडक्शन बंद पडलं तर मी फोन उचलणार आहे. पण माझी चूक कुठे झाली ते मला त्या फेरीवर कळलं. मी माणसांना फेरीसारखं धरलं होतं. ही चुकली तर पाऊण तासाने दुसरी आहेच. कामाला मात्र शेवटच्या बोटीसारखं, आत्ता नाही तर कधीच नाही. आणि होतं बरोबर उलटं. कामाची फेरी दर पाऊण तासाने येत होती.

आम्ही तीन दिवस राहिलो. आजी वाडीत फिरली, विहिरीत वाकून पाणी किती आहे ते बघितलं, दादाच्या खोलीत एकटी अर्धा तास बसली. परतीच्या दिवशी सामान गाडीत ठेवलं तर मामीआजी नवीन लुगडं नेसून तयार. म्हणाल्या, "मी येते दाभोळपर्यंत."

शेजारचा रिक्षावाला आमच्या मागे धोपाव्यापर्यंत आला आणि तिथे थांबला. मामीआजी आमच्यासोबत फेरीवर चढल्या. दोघी कठड्याशी उभ्या राहून काय बोलत होत्या ते इंजिनच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. दाभोळला मी गाडी उतरवली. आजीने मामीआजींचा हात सोडला, आणि त्या त्याच फेरीने परत निघाल्या. माझ्या आजीला एवढी वर्षं माहेरचं माणूस काठावरून निरोप द्यायचं. या वेळी ती काठावर उभी आणि माहेरचं माणूस बोटीवर.

फेरी मध्यावर गेली तेव्हा आजीने हात वर केला आणि ओरडली, "नवरात्रात येते!" एवढ्या लांबून ऐकू जाणं शक्य नव्हतं. पण मामीआजींनीही हात वर केला.

गाडीत बसल्यावर मी पहिलं काम केलं ते रजेचा अर्ज. नवरात्राचे पाच दिवस. सीट बेल्ट नंतर लावला.

आता कामाच्या गोष्टी, भरभर सांगते.

एक, फेरीचं वेळापत्रक आदल्या दिवशी फोन करून विचारा, विशेषतः संध्याकाळची शेवटची फेरी किती वाजता आहे ते. ती चुकली तर मघाशी सांगितलेला शंभर किलोमीटरचा वळसा. दोन, मेमधल्या शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते, हातात वेळ ठेवा. तीन, सुटे पैसे जवळ असू द्या, रेंज गेली की यूपीआय गेलं. चार, ओहोटीला उतार लांब आणि ओला असतो, गाडी पहिल्या गिअरमध्ये हळू घ्या. हँडब्रेक लावायला विसरू नका. पाच, गाडी नसेल तर चालतसुद्धा फेरीवर चढता येतं, पलीकडे रिक्षा किंवा एसटी बघायची. आणि सहा, दहा मिनिटांसाठी का होईना, गाडीच्या काचा लावून एसीत बसू नका. खाली उतरा.

सागरी महामार्गावरच्या खाड्यांवर पूल बांधायची योजना आहे. दाभोळलाही पूल झाला तर तिथल्या लोकांची मोठी सोय होईल, रात्री-अपरात्री पेशंटला न्यायचं असेल तेव्हा तर नक्कीच. त्यामुळे फेरी राहावी म्हणून मी हळहळणार नाही. पण फेरी आहे तोवर एकदा जाऊन या.

आणि घरातल्या कुणी "एकदा येऊन जा" असं म्हणत असेल, तर हा भाग संपल्यावर त्यांना फोन करा. "येऊ कधीतरी" म्हणू नका. तारीख सांगा.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.